साडेबारा फुटी होडीचे पुनरुज्जीवन

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल या बंदरात 'ट्रिंकोमली' नावाची एक जुनी युद्धनौका उभी आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली ती मलबारी सागवानाची बांधली गेली आणि १८१७ साली पाण्यात सोडण्यात आली. दोनशे वर्षे उलटल्यावरही ती उभी आहे, हे पाहून कोणाही भारतीयाचा ऊर अभिमानाने भरून यावा. परंतु ही नौका आता समुद्रावर जात नाही. लोक तिकीट काढून येतात, तिच्या तोफा पाहतात, लाकडावरून हात फिरवितात आणि परत जातात. वस्तू टिकली; पण तशी दुसरी वस्तू घडविणारे हात मात्र त्या गोदीतून केव्हाच नाहीसे झाले.

जुनी नौका जगविण्याचा दुसराही एक मार्ग आहे. तो म्हणजे तिच्यासारखीच नवी नौका पुन्हा पुन्हा बांधीत राहणे. हा मार्ग ऐकावयास सोपा वाटतो, पण आचरणात फार कठीण आहे. कारण मूळ कारागीर निवर्तलेले असतात, कारखाना बंद पडलेला असतो, पूर्वीच्या प्रतीचे लाकूड मिळत नाही आणि मिळालेच तर परवडत नाही. अशा स्थितीत बांधलेल्या नव्या नौकेस जुनीच्याच कुळातील म्हणावयाचे ते कोणत्या आधारावर? अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील एका लहानशा शिडाच्या होडीच्या इतिहासात या प्रश्नाचे विचार करण्याजोगे उत्तर सापडते.

मॅसॅच्युसेट्स राज्याचा दक्षिण किनारा आणि केप कॉडचे द्वीपकल्प यांच्यामध्ये बझर्ड्‌स बे नावाचा उपसागर आहे. त्याची लांबी सुमारे २८ मैल, रुंदी सुमारे ८ मैल, आणि पाणी उथळ. उन्हाळ्यात दुपार कलू लागली की नैर्ऋत्येचा वारा उपसागराच्या तोंडातून सरळ आत शिरतो. त्याच वेळी ओहोटीचे पाणी बाहेर निघत असले, तर वारा आणि प्रवाह समोरासमोर भिडतात आणि आखूड, उभ्या, एकीमागून एक येणाऱ्या लाटा उसळू लागतात. कोकणातील एखाद्या खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे पाण्याची जी अवस्था होते, ती ज्यांनी पाहिली असेल त्यांस हे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल. हलकी होडी अशा पाण्यात उलटते आणि मोठी नौका मुलांच्या हाती देता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी या उपसागराच्या काठी बोस्टनच्या सधन कुटुंबांची उन्हाळी घरे होती. नौकानयनाची परंपरा असलेल्या या कुटुंबांस एकच चिंता होती. मुलांनी वारा व पाणी यांची ओळख करून घ्यावी, स्वतः शीड व सुकाणू सांभाळावे, पण जीव धोक्यात घालू नये. अशी होडी बाजारात मिळत नव्हती. म्हणून १९१४ साली त्यांच्यापैकी काही जणांनी शेजारच्या ऱ्होड आयलंड राज्यातील ब्रिस्टल या गावी, नॅथनेल ग्रीन हेरेशॉफ यांच्याकडे धाव घेतली.

हेरेशॉफ यांची योग्यता वाचकांस ठाऊक नसेल तर थोडक्यात सांगणे अवश्य आहे. त्यांचा जन्म १८४८ साली ब्रिस्टल येथेच झाला. बोस्टनच्या तंत्रविद्यालयात, म्हणजे आज एम.आय.टी. या नावाने विख्यात असलेल्या संस्थेत, त्यांनी यंत्रशास्त्राचे शिक्षण घेतले आणि काही वर्षे प्रॉव्हिडन्सच्या कॉर्लिस वाफयंत्र कारखान्यात नोकरी केली. त्यांचे थोरले बंधू जॉन ब्राउन हेरेशॉफ हे लहान वयातच दृष्टी गमावून बसले होते. तथापि नौकेच्या अंगावरून हात फिरवून तिचे गुणदोष ते सांगू शकत. १८७८ साली या दोघा बंधूंनी भागीदारीत 'हेरेशॉफ मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन केली. धाकट्याने कल्पना करावी आणि थोरल्याने व्यवहार सांभाळावा, अशी ती जोडी होती. १८९३ पासून १९२० पर्यंत अमेरिका चषकाचे रक्षण सहा वेळा झाले आणि सहाही वेळा विजयी नौका नॅथनेल हेरेशॉफ यांच्याच कल्पनेतून उतरलेली होती. १९०३ सालच्या 'रिलायन्स' या नौकेवर १६,००० चौरस फुटांहून अधिक शीड होते. ब्रिस्टलचा जादूगार असे लोक त्यांस म्हणत, ते उगीच नव्हे.

असा मनुष्य वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मुलांच्या होडीचे काम हाती घेतो आणि तितक्याच गांभीर्याने पार पाडतो, यातच त्यांच्या थोरवीचे मर्म आहे. त्यांची पद्धत निराळी होती. नौकेच्या आकाराचे नकाशे आधी कागदावर काढण्याऐवजी ते लाकडाच्या ठोकळ्यातून नौकेची उभी अर्धी प्रतिकृती कोरीत. डोळ्याने आणि अंगठ्याने तिचा प्रत्येक उतार तपासून झाला, मनाची खात्री पटली, म्हणजे स्वतः तयार केलेल्या एका मापनयंत्राने त्या प्रतिकृतीची मापे घेऊन ती वहीत आकड्यांनी उतरवीत. त्या आकड्यांवरून पूर्ण आकाराचे साचे बनत. म्हणजे नौकेचे मूळ बीज हे लाकडाचा एक लहानसा तुकडा आणि आकड्यांची काही पाने, इतकेच असे. पुढील सर्व इतिहास या बीजाने शक्य केला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

होडी तयार झाली ती एकूण सुमारे १६ फूट लांबीची. पाण्याला टेकणारी लांबी मात्र साडेबारा फूट, आणि तेवढ्यावरूनच तिला पुढे 'साडेबारा फुटी' असे नाव पडले. आरंभी ती 'बझर्ड्‌स बे बॉइज बोट', म्हणजे त्या उपसागरातील मुलांची होडी, म्हणूनच ओळखली जाई. रुंदी पावणेसहा फुटांच्या थोडी वर आणि पाण्याखाली खोली सुमारे अडीच फूट. एकंदर वजन सुमारे १,५०० पौंड, आणि त्यातील जवळजवळ निम्मे वजन तळकण्याखाली जडविलेल्या शिशाचे. शीड सुमारे १४० चौरस फूट, म्हणजे 'रिलायन्स'च्या शिडाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी.

शिशाचे एवढे वजन खाली असल्यामुळे वाऱ्याच्या झोताने होडी कलते, पण पुन्हा उभी राहू पाहते. नाळेची बाजू आत किंचित खोलगट घेतलेली असल्यामुळे उभी लाट कापली जाते आणि होडी तिच्यावर आपटत नाही. मागची फळी पिंपळपानासारखी वर रुंद व खाली निमुळती आहे. शीड आखूड डोलकाठीवर, वरच्या अंगास तिरप्या काठीने ताणलेले असे होते. १९२४ पासून उंच त्रिकोणी शिडाचाही पर्याय देण्यात येऊ लागला. बसावयाची जागा इतकी खोल की आठ-दहा वर्षांचे मूल आत निर्धास्त बसावे. शिकाऊ मुलास सांभाळून घेणारी, पण जाणत्या मनुष्यासही कंटाळा न आणणारी, असे दोन परस्परविरोधी गुण तिच्यात एकत्र आले होते. त्यामुळे झाले असे की मुलांसाठी घेतलेली होडी आई-वडीलच पळवू लागले, आणि 'मुलांची' हे विशेषण हळूहळू मागे पडले.

कारखान्यातील बांधणीची रीतही पाहण्यासारखी होती. होडीच्या प्रत्येक बरगडीसाठी एक स्वतंत्र साचा असे. ओकच्या पट्ट्या वाफेवर मऊ करून त्या साच्यांवर वाकवीत, मग सगळे साचे उलटे मांडून त्यांवर सीडरच्या फळ्या ब्राँझच्या स्क्रूंनी बसवीत. साचे कायमचे असल्यामुळे पहिली होडी आणि शंभरावी होडी यांत कमीत कमी अंतर पडे. हा काटेकोरपणा केवळ सोयीसाठी नव्हता. साडेबारा फुटी होड्यांच्या आपापसांत शर्यती होत. सर्व होड्या सारख्या असतील तरच जिंकणाऱ्याचे कौशल्य खरे. ज्याच्यापाशी पैसा अधिक त्याने अधिक वेगवान होडी बांधून घ्यावी, याला त्या वर्गात वावच नव्हता. एकरूपता हा त्या वर्गाचा जणू धर्म होता.

१९१४ ते १९४३ या काळात ब्रिस्टलच्या कारखान्याने अशा ३६४ होड्या बांधल्या. या मुदतीत कारखान्यावर मात्र अनेक आपत्ती कोसळल्या. १९१५ साली थोरले बंधू वारले. १९१७ साली मालकी न्यूयॉर्ककडील धनिकांच्या एका मंडळीकडे गेली. १९२४ साली कारखान्याचा लिलाव झाला आणि तो ब्रिस्टलचे उद्योजक रुडॉल्फ हाफेनरेफर यांनी घेतला. १९३८ च्या जून महिन्यात नॅथनेल हेरेशॉफ यांचे नव्वदाव्या वर्षी निधन झाले. त्यानंतर चार महिने उलटण्यापूर्वीच, २१ सप्टेंबर रोजी, न्यू इंग्लंडवर भयंकर चक्रीवादळ आले आणि किनाऱ्यावरील असंख्य नौकांचा चुराडा झाला. पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले. कारखाना नौदलाच्या कामात गुंतला आणि युद्ध संपताच कायमचा बंद झाला. अर्धशतकाहून अधिक काळ ज्या छपरांखाली जगातील उत्तमोत्तम शर्यतीच्या नौका बांधल्या गेल्या, ती छपरे सुनी पडली.

तथापि होडीची मागणी संपलेली नव्हती. युद्धकाळातच बोस्टनजवळच्या क्विन्सी येथील क्विन्सी अ‍ॅडम्स कारखान्याने बांधणीचा अधिकार घेतला आणि १९४८ पर्यंत पन्नासाच्या आसपास होड्या बांधल्या. त्यानंतर तो अधिकार बझर्ड्‌स बेच्या माथ्याशी असलेल्या वेअरहॅम गावातील केप कॉड शिपबिल्डिंग कंपनीकडे आला. तिनेही काही डझन होड्या लाकडाच्या बांधल्या. आणि १९५० च्या सुमारास तेही काम थांबले. अशा रीतीने तिन्ही कारखाने मिळून साडेचारशेच्या आसपास लाकडी होड्या झाल्या व हा पहिला अध्याय संपला.

तो का संपला, याचे कारण अर्थशास्त्रात आहे. लाकडी होडीत शेकडो तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा अनुभवी हाताने तासून बसवावा लागतो. युद्धोत्तर अमेरिकेत मजुरीचे दर चढले, चांगला सुतार घरबांधणीकडे किंवा कारखान्याकडे वळला, आणि सोळा फुटी होडीची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर गेली. नेमक्या याच वेळी काचतंतू आणि राळ यांपासून बनणारे फायबरग्लास बाजारात आले. एकदा साचा केला की त्यात काचतंतूंचे कापड अंथरावयाचे, त्यावर राळ चोपडावयाची, असे थर चढवून वाळू द्यावयाचे, की अंग तयार. सांधा नाही, फट नाही. हिवाळाभर कोरडी पडलेली होडी वसंतात पाण्यात भिजवून फुगवून घेण्याची यातायात नाही, कीड नाही, कुजणे नाही. नव्या द्रव्याचा मोह कोणास पडणार नाही?

वेअरहॅमच्या कंपनीने १९४९ साली हे पाऊल टाकले. तिच्यासाठी नॅथनेल यांचे चिरंजीव सिडनी हेरेशॉफ यांनी वडिलांच्याच होडीच्या अंगावर आधारलेली फायबरग्लासची होडी योजिली. तिला उंच त्रिकोणी शीड दिले, पुढच्या अंगास सामान ठेवण्यापुरते लहानसे आच्छादन केले आणि तिचे नाव 'बुल्स आय' ठेविले. ही होडी स्वस्त, टिकाऊ व आटोपशीर निघाली; शेकड्यांनी खपली; अनेक गावी तिचे स्वतंत्र ताफे उभे राहिले. पुत्राने पित्याच्या कृतीस नव्या युगाचा वेष चढविला, असे तिच्याविषयी म्हणता येईल.

परंतु या यशात एक उणीव होती. 'बुल्स आय' ही साडेबारा फुटीची कन्या होती, भगिनी नव्हती. शीड निराळे, बांधणी निराळी, वजनाची वाटणी निराळी. त्यामुळे दोघींची बरोबरीने शर्यत लावणे न्याय्य नव्हते. ती आपला स्वतंत्र वर्ग घेऊन पुढे गेली आणि जुन्या लाकडी होड्या मागे राहिल्या. त्यांच्या ताफ्यात नवी भर पडणे बंद झाले.

हे संकट वरवर दिसते त्याहून खोल होते. १९७० च्या सुमारास सर्वांत जुन्या होड्यांचे वय पन्नाशीच्या पुढे गेले होते. बरगड्या तडकत होत्या, स्क्रूंची पकड सुटत होती. दुरुस्तीचा खर्च होडीच्या किमतीहून अधिक होऊ लागला की मालक ती कोठाराच्या कोपऱ्यात ढकलतो. दरवर्षी दोन-तीन होड्या अशा कमी झाल्या की शर्यतीच्या रांगेत खिंडारे पडतात. शर्यत नीरस होते. तरुण मंडळी दुसऱ्या वर्गाकडे जातात. होडीचा वर्ग हा काही एकाच दिवशी मरत नाही. तो गळत गळत रिकामा होतो. नव्या होड्या न बांधाव्यात तर वर्ग असा गळून जाणार; आणि बांधाव्यात, पण त्या जुनींहून वेगवान निघाल्या, तर जुन्या होड्या एका हंगामातच निरुपयोगी ठरणार. आजोबांनी घेतलेली, तीन पिढ्यांनी रंगविलेली होडी नातवाने विकावी, एवढाच मार्ग उरणार. म्हणजे नवी होडी न येणे हे जसे मरण, तशी चुकीची नवी होडी येणे हेही मरणच.

हा पेच सोडविण्याचे श्रेय उपसागराच्याच काठच्या मॅरियन गावातील बिल हार्डिंग यांच्याकडे जाते. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी निश्चय केला की फायबरग्लासची साडेबारा फुटी बांधावयाची, पण ती मूळ होडीहून तसूभरही वरचढ असता कामा नये. बोलण्यास एक वाक्य. करण्यास मात्र पुष्कळ खटाटोप. प्रथम मूळ होडी म्हणजे कोणती, हेच ठरवावे लागले. लाकडी होडी वयोमानाने वाकते, फुगते, पाणी पिऊन जड होते. म्हणून केवळ एका होडीवर विश्वास न ठेवता अनेक जुन्या होड्या मोजून अस्सल आकार निश्चित करण्यात आला.

त्याहून अवघड प्रश्न वजनाचा होता. केवळ एकूण वजन जुळवून भागत नाही. ते वजन कोठे आहे, यावर होडीची चाल अवलंबून असते. टोके हलकी व मध्य जड अशी होडी लाटेवर चपळपणे उठते. टोके जड असलेली होडी नाक खुपसते. नुसत्या काचतंतूंचे अंग पातळ ठेवावे तर ते लवचिक होते, जाड करावे तर जड होते. यावर उपाय असा योजिला की काचतंतूंच्या दोन पातळ थरांमध्ये हलक्या फेसाळ द्रव्याचा थर घालावयाचा. त्यायोगे अंगाची जाडी आणि वजन सीडरच्या फळ्यांशी जुळविता आले, ताठपणा आला आणि पाण्याने भरली तरी होडी बुडणार नाही असा अधिक लाभ झाला. तळाचे शिसे पूर्वीप्रमाणेच ठेविले. डोलकाठी आणि वरचे कठडे लाकडाचेच राहिले. दोन्ही प्रकारच्या शिडांची सोय कायम ठेवली. या होड्या जवळच्याच मॅटापॉइसेट गावी 'एडी अँड डफ' या कारखान्यात बांधल्या जाऊ लागल्या.

नवीन होडीस 'डोडिश' असे नाव मिळाले. तो मूळ होडीचाच एक जुना थट्टेतला शब्द होता. डोडिश म्हणजे पीठ मळावयाचे भांडे, आपल्या भाषेत परात. गोलसर, ठेंगण्या होडीस खलाशांनी प्रेमाने दिलेले ते नाव मुद्दाम उचलण्यात आले. नव्या होडीस भपकेबाज नाव न देता घरातले जुने टोपणनाव देण्यात जी नम्रता आहे, ती त्या सर्व उद्योगाच्या वृत्तीस शोभणारीच होती.

अखेर कसोटी शर्यतीची होती. साडेबारा फुटींच्या वर्गसंघाने 'डोडिश'ला मूळ होड्यांच्या बरोबरीने शर्यतीत उतरण्यास मान्यता दिली. या मान्यतेचे मोल मोठे आहे. सामान्यतः यंत्रयुगातील नवी वस्तू अधिक वेगवान, अधिक हलकी अशी जाहिरात करीत येते आणि जुनीस बाजूस सारते. येथे कुशल कारागिरांनी आपले सारे कसब एका संयमासाठी वेचले. अधिक वेगवान होडी करणे त्यांस सहज शक्य होते. ती न करणे हेच त्यांचे कर्तृत्व. नव्या होड्या आल्या तशा ताफ्यातील खिंडारे भरू लागली. शर्यत पुन्हा भरघोस होऊ लागताच कोठारात पडलेल्या लाकडी होड्यांनाही किंमत आली, आणि त्यांच्या दुरुस्तीवर पैसा खर्च करण्यात अर्थ आहे असे मालकांस वाटू लागले. नवीने जुनीला मारले नाही; उलट जगविले.

यावर लाकूडकामाच्या भोक्त्यांचा एक आक्षेप राहतोच, आणि तो न्याय्य आहे. आकार राहिला, चाल राहिली. पण बांधणारे हात कोठे राहिले? वाफेवर ओक वाकविणे, फळीस फळी भिडविणे, ब्राँझचा स्क्रू लाकडाच्या अंतरंगात योग्य तितकाच घट्ट करणे, ही विद्या साच्यात राळ ओतून येत नाही. या आक्षेपाचे उत्तर आणखी उत्तरेकडे, मेन राज्यात मिळाले. ब्रुकलिन गावचे नौकाशिल्पी जोएल व्हाइट यांनी १९८० च्या दशकात 'हेवन साडेबारा फुटी' ही होडी योजिली. हे व्हाइट म्हणजे विख्यात अमेरिकन लेखक ई. बी. व्हाइट यांचे चिरंजीव. एका गिऱ्हाइकास साडेबारा फुटीच हवी होती, पण त्याच्या उथळ पाण्यात अडीच फुटांची खोली अडचणीची होती. व्हाइट यांनी खोली सुमारे दीड फुटावर आणली, वर-खाली करता येणारी मधली फळी बसविली, आणि गेलेले स्थैर्य भरून काढण्यासाठी अंग थोडे रुंद केले. परंतु पाण्यावरून पाहणाऱ्यास तोच चेहरा दिसावा, याची काळजी घेतली. तिचे नकाशे विक्रीस ठेवण्यात आले आणि जुन्या हेरेशॉफ पद्धतीने, प्रत्येक बरगडीस एक साचा या रीतीने, ती कशी बांधावी याचे सविस्तर पुस्तक मेनार्ड ब्रे यांनी लिहिले. त्यामुळे मूठभर कारखान्यांची विद्या घरोघरच्या हौशी सुतारांपर्यंत पोहोचली. पुढे मेनमधील रॉकपोर्ट येथे मूळ मापांच्याच, सीडर व ओकच्या नव्या साडेबारा फुटी होड्याही बांधल्या गेल्या.

याच किनाऱ्यावरील दुसऱ्या एका होडीने तर पहिल्यापासून लाकूडच धरून ठेविले. न्यू बेडफर्ड येथे देवमाशांच्या शिकारीच्या होड्या बांधणाऱ्या बीटल घराण्याने १९२१ साली 'बीटल कॅट' ही १२ फूट ४ इंचांची होडी काढली. दुसऱ्या महायुद्धात तिची बांधणी थांबली. १९४६ साली कॉन्कॉर्डिया कंपनीने हक्क घेऊन ती पुन्हा सुरू केली. आणि पुढे हे काम त्याच वेअरहॅम गावी आले. त्या वर्गात लाकडी होडीसच प्रवेश आहे. न्यूपोर्ट येथील नौकाबांधणीच्या शाळेत नवशिके विद्यार्थी जुन्या बीटल कॅट दुरुस्त करीतच हात बसवितात. म्हणजे एकाच गावात जुन्या होडीचे दोन निरनिराळे पुनर्जन्म झालेले दिसतात. एका वर्गाने चाल जपण्यासाठी द्रव्य बदलले. दुसऱ्याने द्रव्य न बदलता विद्या जपली. दोन्ही मार्गांस आपापले मोल द्यावे लागले. लाकडाचा आग्रह धरणाऱ्यास किंमत आणि देखभाल सोसावी लागते. काचतंतू स्वीकारणाऱ्यास सुताराचा हात गमवावा लागतो.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. जुन्या वस्तूची निर्मिती पुन्हा सुरू करणारा मनुष्य केवळ भूतकाळाचा भक्त असून चालत नाही. वस्तूतील कोणता भाग तिचा प्राण आणि कोणता केवळ त्या काळचा वेष, हे त्याला ठरवावे लागते. साडेबारा फुटीच्या बाबतीत प्राण होता तो अंगाचा आकार, वजनाची वाटणी आणि सर्व होड्यांची परस्पर समानता. सीडर व ओक ही १९१४ साली हाताशी असलेली उत्तम सामग्री होती. हा विवेक ज्यांनी केला त्यांची होडी मूळ ताफ्यात सामावली. आणि हा विवेक करता आला, तो मूळ कर्त्याने आपले काम अचूक मापांत नोंदून ठेविले होते म्हणून. हेरेशॉफ यांच्या हातच्या अर्धप्रतिकृती ब्रिस्टल येथील संग्रहालयात आजही भिंतीवर लावलेल्या पाहावयास मिळतात. मुंबईच्या गोदीतील विद्या अशी नोंदली जाऊन पुढच्या हातांत गेली असती, तर 'ट्रिंकोमली'च्या धाकट्या बहिणीही कदाचित पाण्यावर दिसल्या असत्या.

उन्हाळ्यातील एखाद्या शनिवारी दुपारी बझर्ड्‌स बेच्या काठी उभे राहिल्यास नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर कललेली ही पांढरी शिडे दृष्टीस पडतात. त्यांतील कोणती होडी पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिस्टलला बांधलेली आणि कोणती त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी साच्यातून निघालेली, हे किनाऱ्यावरून सांगता येत नाही. जवळ आल्यावर मात्र एक गोष्ट आढळून येते. १९१४ साली ज्यांच्यासाठी ही होडी मागितली गेली, त्यांच्याच वयाचे एखादे मूल सुकाणू धरून बसलेले असते आणि शेजारी एखादे वडीलधारे माणूस हात न लावता, केवळ लक्ष ठेवून बसलेले असते. जोवर ही जागा रिकामी पडत नाही, तोवर होडी कशाची बांधली आहे याची फारशी चिंता करण्याचे कारण नाही.